घरत मास्तरांचा राखाडी उजेड

कृष्णकांत घरत यांना आयुष्यात एकदाच एक गोष्ट दिसली, आणि तिच्यापायी त्यांनी उरलेलं आयुष्य लोकांशी भांडण्यात घालवलं. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, देव दिसला असेल, नाही तर भूत. मास्तरांना दिसला तो उजेड. तोही इथला नव्हे, शुक्रावरचा.

सुकापूरचे लोक त्यांना तोंडावर 'सर' म्हणतात आणि पाठ वळली की 'शुक्र मास्तर'. पनवेलच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत आले. घराणं आगऱ्यांचं, मिठागरवाल्यांचं. मिठाने भेगाळलेले आजोबांचे पाय मास्तरांनी लहानपणी चेपले आहेत. त्या घरातला हा पहिला बी.एस्सी., आणि शिकून सवरून त्याने काय केलं, तर काच घासली. घरामागे एक पिंप उभं केलं, त्यावर दोन जाड काचा ठेवल्या, मध्ये खरखरीत पूड टाकली आणि पिंपाभोवती गोल गोल फिरत महिनोन् महिने एकीवर दुसरी घासली. शेजारणींना वाटलं पोराने कसला तरी नवस बोललाय. थोरला भाऊ बळीराम तेव्हाच जमिनीच्या व्यवहारात पडला होता, तो येता-जाता विचारी, "झाली का रं तुझी काच गुळगुळीत?" ती झाली, तिचा आरसा झाला, आरशाची दुर्बीण झाली. तिच्यासाठी डोळा लावायचं भिंग दिलं ते हरेशने.

हरेश म्हणजे पनवेलच्या बाजारपेठेतला चष्मेवाला. शाळेपासूनचा दोस्त. बापाच्या दुकानात लहानपणापासून बसलेला, त्यामुळे माणसाच्या डोळ्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "कृष्णा, जगातलं सगळ्यात लबाड यंत्र कुठलं ठाऊक आहे? हे," असं म्हणून तो स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवायचा. दोघांनी मिळून आकाश बघणाऱ्यांचं एक लहानसं मंडळ काढलं होतं. महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात पाचपंधरा माणसं जमत, भजी खात आणि ग्रहताऱ्यांवरून हमरीतुमरीवर येत.

आता त्या उजेडाविषयी. द्वितीया-तृतीयेची चंद्रकोर नीट पाहिली तर कोरीच्या कुशीतला उरलेला चंद्रही फिकट, राखेच्या रंगाचा दिसतो. त्यात गूढ काही नाही, पृथ्वीवरून परतलेला उजेड तिथे पडतो. दुर्बिणीतून पाहिलं तर शुक्राचीही अशीच कोर दिसते. पण शुक्राला उजेड उसना देणारा शेजारी नाही, त्याला चंद्रसुद्धा नाही. त्याची रात्रीची बाजू काळीठिक्कर दिसायला हवी. तरीही जवळजवळ चारशे वर्षं कोणी ना कोणी निरीक्षक शपथेवर सांगत आला आहे की, ती काळी बाजू मला मंद उजळलेली दिसली. दुसऱ्या दिवशी दुसरा बघायला जातो, तर काही नाही. तो राखाडी उजेड अजून कुणाच्या कॅमेऱ्यात पक्का सापडलेला नाही, आणि विद्वानांना स्वस्थही बसू देत नाही.

कारणं मात्र रग्गड. एक म्हणतो तिथे विजा चमकतात. दुसरा म्हणतो, दिवसाच्या बाजूला उन्हाने फुटलेल्या वायूतले ऑक्सिजनचे अणू वाहत रात्रीच्या बाजूला येतात आणि पुन्हा जोड्या जमवताना उजेड टाकतात. तिसऱ्याच्या मते तिथली जमीनच शिसं वितळावं इतकी तापलेली आहे, तिची धग ढगांतून झिरपते. एका जर्मन पंडिताने तर दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की, शुक्रावरची प्रजा नव्या राजाच्या राज्यारोहणाला रानं पेटवून जल्लोष करत असावी. आणि उरलेले म्हणतात, उजेडबिजेड सगळं झूट. लखलखीत कोर पाहिली की डोळा उरलेलं वर्तुळ आपल्या मनाने पुरं करतो. हरेश अर्थातच या शेवटच्या गटातला.

मास्तरांनी तो उजेड पाहिला १९९३च्या मार्चमध्ये, लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा. सुकापूर तेव्हा खेडं होतं, पश्चिमेला खाडीपर्यंत नुसती शेतं आणि अंधार. दिवेलागणीला त्यांनी अंगणात दुर्बीण लावली. कोरीची चकाकी झाकली जावी म्हणून हरेशच्या भिंगात अर्ध्या ब्लेडची पट्टी बसवली होती. कोर पट्टीमागे लपवायची आणि शेजारचा अंधार बघायचा. मास्तरांनी डोळा लावला. अंधार काळा नव्हता. अगदी पुसट, हिरवट झाक असलेलं काहीतरी तिथे होतं. त्यांनी नवी नवरी असलेल्या सत्यवतीला हाक मारली. ती आपटा गावची, पाताळगंगेच्या काठावर वाढलेली, हातातला हिरवा चुडा अजून सैल न झालेली. पदर सावरत ती वाकली, भिंगाला डोळा लावला. मास्तरांनी विचारलं, "दिसतो ना उजेड? काळ्या बाजूवर?" ती म्हणाली, "हो."

बस्स, त्या 'हो'वर मास्तरांनी संसार उभा केला. एकट्याला दिसला असता तर ते कदाचित गप्प बसले असते. पण दोघांना दिसला होता. मंडळात, शाळेत, लग्नाच्या मांडवात, पाहुण्यांपुढे ते सांगत, "भास एकाला होतो. आमच्या हिनेही पाहिलाय." आणि सत्यवती चहा ठेवायला आत जात असे.

पुढे २००१च्या सुरुवातीला बातमी आली की, परदेशातल्या एका प्रचंड दुर्बिणीने शुक्राच्या रात्रीच्या बाजूला ऑक्सिजनचा हिरवा उजेड खरोखरच पकडला आहे. मास्तरांनी शाळेत पेढे वाटले. तो उजेड इतका मंद होता की माणसाच्या डोळ्याला दिसणं जवळजवळ अशक्य, हेही त्याच बातमीत होतं. पण पेढे वाटणारा माणूस बातमी शेवटपर्यंत वाचतो थोडाच. त्यांनी मंडळात व्याख्यान लावलं. फळ्यावर कोर काढली, कारणं एकेक करून खोडली आणि शेवटी विजयी मुद्रेने खडू ठेवला. तेव्हा मागच्या बाकावरून हरेश उठला.

"कृष्णा, एकच विचारतो. त्या संध्याकाळी तू वहिनींना 'काय दिसतं' असं विचारलंस, की 'दिसतो ना' असं?"

"त्याने काय फरक पडतो?"

"माझ्या धंद्यात सगळा फरक त्यानेच पडतो. गिऱ्हाइकाला 'दिसतं ना' विचारलं की ठार आंधळाही हो म्हणतो. माझ्या बापाने मला दुकानात बसवलं तेव्हा पहिली ताकीद हीच दिली. काय दिसतं ते विचार, आणि मग तोंड बंद ठेव."

कुणीतरी हसलं. ते हसणं मास्तरांच्या वर्मी लागलं.

"माझी बायको खोटं बोलली, असं म्हणायचंय तुला?"

"खोटं बोलली म्हणत नाही मी. हो म्हणाली, एवढंच म्हणतो."

मास्तरांनी भर वर्गात सांगितलं, "हरेश, यापुढे माझ्या घराची पायरी चढायची नाही." बायकोच्या अब्रूचा प्रश्न आला म्हणून मास्तर चिडले असं लोकांना वाटलं. मास्तरांनाही तसंच वाटलं. त्या दिवसापासून त्यांनी चष्मासुद्धा खारघरला जाऊन करायला सुरुवात केली. मंडळ वर्षभरात विझलं. भजीची ऑर्डर तेवढी वाचली.

शुक्राची एक खोड आहे. दर आठ वर्षांनी तो जवळजवळ त्याच तारखांना, त्याच जागी, तशीच कोर घेऊन परत येतो. म्हणजे मास्तरांना दर आठ वर्षांनी परीक्षेला बसायची संधी होती. त्यांपैकी २००९ची संधी मोठी विचित्र. हरेशने कुणाकरवी निरोप पाठवला: "या खेपेला दोघं मिळून बघू. तू बोलायचं नाही, मी बोलायचं नाही. आपापल्या कागदावर वेगवेगळं चित्र काढू, मग उघडू. माझ्या कागदावर उजेड निघाला तर भर बाजारात माफी मागतो." याहून सरळ प्रस्ताव कोणी करू शकत नाही. सोबतीला साक्षीदार हवा म्हणून तडफडणाऱ्या माणसाकडे साक्षीदार आपल्या पायांनी चालत आला होता. मास्तरांनी उलट निरोप दिला की, माझ्याकडे साक्षीदार आहे, घरचा आहे. त्या मार्चमध्ये ते एकटेच दुर्बिणीला डोळा लावून बसले आणि त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी दोष धुरळ्याला दिला.

२०१७पर्यंत बळीरामदादाची सात मजली इमारत बरोबर पश्चिमेला उभी राहिली होती. तिच्या गच्चीवर दादाच्या नावाची दिव्यांची पाटी रात्रभर जळत असे. मास्तरांनी पाटी संध्याकाळपुरती बंद ठेवायची विनंती केली, तर दादा म्हणाला, "तुला वरचा उजेड बघायचा हाय, मी खाली लावलाय तो बघ की." एरवी मास्तर भांडले असते. या खेपेला त्यांना आतून थोडं बरंच वाटलं. न दिसायला कारण मिळालं होतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हरेश गेला. तेव्हा कुणीच कुणाकडे जात नव्हतं, त्यामुळे मास्तरांचं न जाणं कुणाच्या लक्षात आलं नाही. निर्बंध उठल्यावरही ते गेले नाहीत. बाजारात जायचं झालं तर दुकान टाळून पलीकडच्या गल्लीने जात. अशा वेळी माणूस स्वतःला काय सांगतो, ते ज्याचं त्याला माहीत.

आणि गेल्या वर्षी, २०२५च्या फेब्रुवारीत, कादंबरी नावाची पाहुणी आली. खारघरच्या एका कॉलेजात शिकवणारी, याच राखाडी उजेडावर पीएच.डी. करणारी तिशीची मुलगी. मंडळातल्या कुणा जुन्या सभासदाकडून तिला मास्तरांचं नाव मिळालं होतं. ओट्यावर बसून तिने सगळं ऐकून घेतलं, दुर्बीण पाहिली, ब्लेडची पट्टी पाहिली, आणि म्हणाली, "सर, आरशाची दुर्बीण, म्हणजे भिंगामुळे रंग फाकण्याचा प्रश्न नाही. कोर झाकलेली. आकाश अंधारं. आणि मुख्य म्हणजे दोन निरीक्षक. असा दाखला मला अजून एकही मिळाला नव्हता. हा टिकला ना, तर भासवाल्यांना उत्तर द्यावं लागेल."

मास्तरांचे कान तापले. मे महिन्यात निवृत्ती होती. सदतीस जणांचा स्टाफ निरोप समारंभात शाल देऊन काय बोलेल, ते त्यांना पाठ होतं. त्याआधी एका खऱ्याखुऱ्या शोधनिबंधात 'घरत, पनवेल, १९९३' एवढं छापून यावं, आणि मग जग काय हसायचं ते हसो. तेवढंच त्यांना हवं होतं.

"फक्त एक नियम आहे, सर," कादंबरी म्हणाली, "दोघांना वेगवेगळं विचारायचं. मी मावशींशी आत बोलते. तुम्ही इथेच थांबाल?"

"अगदी," मास्तर म्हणाले. "मी तिला काही पढवलेलं नाही." ते खरंच होतं. पढवायची गरज आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

ते ओट्यावर बसून राहिले. आतून सत्यवतीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग दोघी हसल्या. थोड्या वेळाने कादंबरी बाहेर आली, चप्पल घालताना तिने मास्तरांकडे पाहायचं टाळलं. "मी कळवते, सर," एवढंच म्हणाली आणि स्कूटर सुरू केली.

मास्तर आत गेले. सत्यवती सुपात सुकट निवडत बसली होती.

"काय सांगितलंस?"

"व्हतं ते सांगितलं."

"म्हणजे काय?"

"म्हंजे मला उजेड नाय दिसला व्हता, ते." तिने सूप पाखडलं. "ती आवाज भरून घेत व्हती फोनमंदी. पुस्तकात लिवनार म्हनाली. घरात बोलायचं येगळं, पुस्तकात खोटं कसं घालायचं?"

मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. "मग तेव्हा हो का म्हणालीस?"

"लग्नाला महिना झाला नव्हता. आयेनं पाठवताना बजावलेलं, पयलं वरीस सासरी तोंडातनं 'नाय' काढू नको. सासूला नाय, जावंला नाय, आन नवऱ्याला तर नायच नाय. तुमी म्हनलं, दिसतो ना? मी म्हनलं, हो. शुक्रावर म्हस दिसते ना म्हनलं असतं, तरी हो म्हनली असती."

"आणि नंतर? बत्तीस वर्षं, सत्यवती. बत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो."

तिने हातातलं काम थांबवलं. आता तिलाही राग आला होता, आणि तो आजचा नव्हता.

"तुमी लोकांना सांगितलं. मला कवा इचारलं? एकदा तरी म्हनलं का, अगं, तुला काय दिसलं? मी चहा ठेवायला आत पळायची ते काय चहाची हौस म्हनून? त्या हरेशभावजींशी तुमी भांडून आलात, तवा मी सांगायला तोंड उघडलं व्हतं. तुमी म्हनलात, तू मधी पडू नको, तुझ्यासाठीच भांडलोय. मग मी काय बोलनार व्हते?"

मग आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी तो प्रश्न विचारला. "काय दिसलं होतं तुला?"

"कोयत्याचं पातं," ती लगेच म्हणाली. इतकी वर्षं उत्तर तयारच होतं. "नुकतं पाजळलेलं, लखलखीत. डोळ्यांतनं पानी आलं माझ्या. आन तुमचा हात माझ्या खांद्यावर व्हता, पयल्यांदाच, अंगनात, सगळ्यांसमोर. तेवढं ध्यानात हाय. बाकी तुमचं तुमी बघा."

कोयत्याचं पातं. मास्तर विज्ञानाचे शिक्षक होते, त्यांना पुढचं कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पृथ्वी फिरते, दुर्बीण हाताने सरकवावी लागते. नवी नवरी पदर सावरत वाकेपर्यंत शुक्र ब्लेडच्या पट्टीआडून बाहेर सरकला होता. तिला उघडी कोर दिसली, आणि तेवढ्या चकाकीशेजारी असला पुसट उजेड कोणत्याच डोळ्याला दिसला नसता. 'काय दिसतं' एवढं विचारलं असतं तर ती 'कोयता' म्हणाली असती, त्यांनी पट्टी सरळ केली असती आणि खरं-खोटं त्याच मिनिटाला कळलं असतं. हरेशने बोट ठेवलं होतं ते नेमकं तिथेच.

पण खरी इंगळी डसली ती रात्री जेवताना. त्यांच्या मनात आलं, मी तिला विचारलंच का? ज्याला खात्री असते तो 'दिसतो ना' असं विचारत नाही. त्यांना स्वतःलाच दिसला की नाही हे तेव्हा धड कळलं नव्हतं. तिच्या 'हो'ने त्यांना दिसला होता, आणि त्यांच्या प्रश्नाने तिला 'हो' म्हणावं लागलं होतं. शुक्र बिचारा दोघांच्या मध्ये उगाच सापडला. ताटातली भाकरी तशीच राहिली. सत्यवतीने ताट उचललं.

त्या मार्चमध्ये शुक्राची कोर ठरल्याप्रमाणे आली. मास्तरांनी दुर्बिणीवरचं फडकं काढलं नाही. कादंबरीचा मेसेज आला तो सभ्य होता: नोंद घेत आहे, 'एक निरीक्षक, दुजोरा नाही' या गटात. मे महिन्यात शाल मिळाली. भाषणात मुख्याध्यापिका शुक्राबद्दल गमतीने काही बोलल्या आणि सगळे हसले, मास्तरही हसले.

जूनमध्ये ते बाजारपेठेत गेले आणि पलीकडच्या गल्लीत वळले नाहीत. हरेशच्या दुकानात त्याचा मुलगा प्रितेश बसला होता. गल्ला तोच, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तोच, कडा पिवळ्या पडलेल्या. वर हरेशचा हार घातलेला फोटो. चष्मा घातलेला.

"नंबर बघायचाय," मास्तर म्हणाले.

प्रितेशने मान वर केली. "तुम्ही घरत काका ना? सुकापूरचे?"

"हो."

"बाबा सांगायचे तुमच्याबद्दल. म्हणायचे, पनवेलात माझ्यापेक्षा चांगली काच घासणारा एकच माणूस आहे." त्याने खुर्ची पुढे ओढली. "ते तुमची वाट बघायचे, काका. शेवटी शेवटी फार. डोळे तपासायला कधीतरी येईलच म्हणायचे."

मास्तरांना उठून जावंसं वाटलं. बसले. प्रितेशने त्यांच्या डोळ्यांवर जड फ्रेम चढवली, एक भिंग आत सरकवलं आणि तक्त्याशेजारचा दिवा लावला.

तो तक्ता मास्तरांना तोंडपाठ होता. तरुणपणी याच दुकानात बसून दोघांनी किती दुपारी घालवल्या होत्या. गिऱ्हाइकं अडखळली की हरेश मागून डोळे मिचकावायचा आणि मास्तर हसू दाबायचे. सगळ्यात खालची ओळ ते झोपेतही म्हणू शकले असते.

"काका, खालच्या ओळीत काय दिसतं?" प्रितेशने विचारलं, आणि बापाने शिकवल्याप्रमाणे तोंड बंद ठेवलं.

मास्तरांनी पाहिलं. खाली एक राखाडी पट्टा होता, बाकी काही नाही. अक्षरं ओठांवर आली होती.

"काही नाही दिसत," ते म्हणाले.

प्रितेशने भिंग बदललं आणि तेच पुन्हा विचारलं.